लोकसंगीताची मैफल आणि निसर्गभान : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

निसर्गाला वंदन करणाऱ्या आणि हवामान बदलाविषयी समाजाला कृतिप्रवण करू पाहणाऱ्या संगीत मैफलींचे एक स्वतंत्र प्रारूप गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाले आहे. भिन्न देशांतील व भिन्न भाषांतील लोककलावंत एका रंगमंचावर येतात, नदी, पाऊस, अरण्य आणि भूमी यांची गाणी गातात व अखेरीस श्रोत्यांना पृथ्वीच्या रक्षणाचे आवाहन केले जाते. महाविद्यालयीन युवक महोत्सवांपासून शासकीय अभियानांपर्यंत या प्रारूपाची लहानमोठी अनुकरणे आता आपल्याकडेही दिसतात. अशा कार्यक्रमांचे वृत्तांत भरपूर येतात. त्यांची समीक्षा मात्र फारशी होत नाही. हेतू चांगला असला की समीक्षेची गरज नाही, असा एक समज त्यामागे असावा.

प्रस्तुत लेखात या प्रारूपाची चिकित्सा हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात करावयाची आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला हा जिल्हा मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर वसलेला आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी, औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग, बंजारा तांडे, आंध आदिवासींच्या वस्त्या, वारकरी दिंड्या आणि आंबेडकरी शाहिरी या सर्वांचा येथे शेजार आहे. म्हणजेच 'आंतरसांस्कृतिक लोकसंगीत' ही गोष्ट येथे बाहेरून आणावी लागत नाही. त्यामुळे परदेशी प्रारूप तपासण्यासाठी ही भूमी योग्य ठरते.

१. मैफलीची तीन प्रारूपे

निसर्गविषयक मैफलींची स्थूलमानाने तीन प्रारूपे सांगता येतात. पहिले प्रारूप महासोहळ्याचे. ७ जुलै २००७ रोजी झालेला 'लाइव्ह अर्थ' हा कार्यक्रम त्याचे ठळक उदाहरण होय. सर्व खंडांत एकाच दिवशी झालेल्या या मैफलींनी हवामान बदल हा विषय घराघरांत पोहोचविला, हे नाकारता येणार नाही. परंतु कलावंतांचा विमानप्रवास, विजेचा वापर आणि निश्चित मागणीचा अभाव यांवरून त्याच काळात त्यावर टीकाही झाली. तेथील संगीत मुख्यतः लोकप्रिय बाजाचे होते. श्रोता हा तेथे प्रेक्षकच राहिला.

दुसरे प्रारूप सहनिवासाचे. इजिप्तचे संगीतशास्त्रज्ञ मीना गिर्गिस आणि इथिओपियन वंशाच्या अमेरिकन गायिका मेक्लित हादेरो यांनी २०११ मध्ये 'नाईल प्रोजेक्ट' सुरू केला. नाईल खोऱ्यातील अकरा देशांमध्ये पाण्याच्या वाटपावरून तणाव आहे. इथिओपियाच्या महाकाय धरणाचे कामही त्याच वर्षी सुरू झाले. अशा वेळी एका नदीवर जगणारे लोक परस्परांचे संगीतदेखील ऐकत नाहीत, ही या उपक्रमामागील जाणीव होती. २०१३ च्या आरंभी आस्वान येथे निरनिराळ्या देशांचे वादक एकत्र राहिले, परस्परांच्या स्वरपद्धती आणि ताल शिकले आणि मगच त्यांनी मैफल केली. येथे मैफल हे शेवटचे टोक होते; खरे काम त्याआधीच्या सहनिवासात झाले.

तिसरे प्रारूप बांधिलकीचे. अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांनी हडसन नदीच्या प्रदूषणाने अस्वस्थ होऊन नदीकाठच्या गावांत गाण्याचे कार्यक्रम केले, त्यातून निधी जमविला आणि १९६९ मध्ये 'क्लिअरवॉटर' नावाचे जुन्या बांधणीचे शिडाचे जहाज पाण्यात उतरविले. त्या जहाजावर मुलांना नेऊन नदीतील पाण्याची, माशांची व सूक्ष्म जीवांची प्रत्यक्ष ओळख करून देण्यात येऊ लागली. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यास अनुकूल लोकमत घडविण्यातही या चळवळीचा वाटा होता. गाणे, जहाज, शाळा आणि कायदा अशी ही साखळी आहे. तिच्यातील पहिली कडी गाण्याची असली, तरी साखळी गाण्यापाशी थांबत नाही.

या तिन्हींची तुलना केल्यास एक निकष हाती येतो. गाणे संपल्यानंतर श्रोत्याच्या हाती काय उरते, हा तो निकष होय. पहिल्यात स्मृती उरते, दुसऱ्यात नाते उरते आणि तिसऱ्यात काम उरते. पुढील विवेचन याच निकषाच्या आधारे केले आहे.

२. लोकगीतातील निसर्ग : वंदन की व्यवहार?

'लोकसंगीत निसर्गाची पूजा करते' हे विधान या मैफलींच्या निवेदनात हमखास येते. ते अर्धसत्य आहे. मराठवाड्यातील श्रमगीतांकडे पाहिले तर निसर्ग हा तेथे स्वतंत्र पूजाविषय म्हणून क्वचितच येतो. भलरी कापणीच्या हातांना लय देते. मोटेवरचे गाणे बैलांना आणि माणसाला एका चालीत ठेवते. जात्यावरच्या ओवीत पाऊस येतो तो माहेर, भाऊ, बैल, सावकार आणि विठ्ठल यांच्या सोबतीने. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्यांचे प्रकाशन हाती घेतले आहे. या संग्रहाचे महत्त्व असे की, ग्रामीण स्त्रीच्या बोलण्यात निसर्ग आणि घरसंसार यांची फारकत नाही, हे त्यातून विपुल पुराव्यानिशी दिसते.

विधिगीतांचीही हीच स्थिती आहे. पाऊस लांबला की अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधून दारोदार फिरणारी धोंडी, हस्त नक्षत्राच्या पावसाशी जोडलेला हादगा, बंजारा तांड्यावर श्रावणात कुमारिका टोपलीत गहू पेरून त्याला रोज पाणी घालतात व गाणी म्हणतात ती तीज, या सर्वांत निसर्गाशी असलेला संबंध देवघेवीचा आहे. त्यात भीती आहे, मागणी आहे, प्रसंगी रुसवाही आहे. तीजेच्या गाण्यात तर गाणे आणि रोप वाढविणे ही दोन निराळी कामे नाहीतच. टोपलीतील अंकुर वाळला तर गाण्याला अर्थ उरत नाही.

मैफलीच्या मंचावर हे गाणे येते तेव्हा त्याचा हा व्यवहार गळून पडतो व केवळ वंदन शिल्लक राहते. अशोक दा. रानडे यांनी 'लोकसंगीतशास्त्र' (१९७५) या ग्रंथातून लोकसंगीताचा विचार त्याच्या जीवनव्यवहारातील कार्यासह करण्याची दृष्टी मराठीत रुजविली. त्यांनी आपल्या एकूण विवेचनात आदिम, लोक, धर्म, कला आणि जन या कोटींबरोबर संगम संगीताची कोटीही मानली आहे. आंतरसांस्कृतिक मैफल ही वस्तुतः या संगम कोटीत मोडते. तिला लोकसंगीत म्हणून सादर करणे हा कोटिदोष ठरतो. संगम संगीत हीन आहे असे येथे सुचवावयाचे नाही. त्याचे निकष वेगळे आहेत, एवढेच प्रतिपादन आहे.

३. गाण्यातील पंचांग आणि बदललेला ऋतू

हवामान बदलाच्या संदर्भात लोकगीतांचे जे खरे मोल आहे, ते या मैफलींनी जवळजवळ दुर्लक्षिले आहे. लोकगीत हे ऋतूंच्या नेमाचे टिपण आहे. मृगात पेरणी, आर्द्रेत उगवण, श्रावणात झड आणि हस्ताचा परतीचा पाऊस असा क्रम गृहीत धरून गाण्यांची, सणांची आणि कामांची मांडणी झालेली आहे. आज हाच क्रम विस्कटला आहे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मृतीत अपवाद म्हणून नोंदला गेला होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यानंतरच्या दशकात अतिवृष्टीचे चित्र उभे राहिले. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मराठवाड्यातील हाताशी आलेला खरीप मोठ्या प्रमाणावर पाण्याखाली गेला. म्हणजे ज्या हस्ताच्या पावसाचे हादग्याने स्वागत करावयाचे, तोच पाऊस आता पीक घेऊन जातो.

अशा परिस्थितीत जुने ऋतुगीत जसेच्या तसे गाऊन श्रोत्यांना प्रसन्न करणे ही एक प्रकारची फसगत होय. त्या गाण्यातील पंचांग आणि बाहेरील आभाळ यांतील अंतर श्रोत्यास जाणवून देणे, हे मैफलीचे काम असावयास हवे. पंच्याहत्तरीच्या वृद्धेने आपल्या ओवीतील पावसाचा महिना सांगावा आणि त्याच मंचावर त्याच मंडळाच्या पर्जन्यनोंदी ठेवाव्यात, असा प्रयोग सहज शक्य आहे. महाविद्यालयातील मराठी, भूगोल आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन करावयाचे ते खरे आंतरविद्याशाखीय काम आहे.

येथे पीकपद्धतीतील बदलाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे. हिंगोली जिल्ह्यात ज्वारीचे क्षेत्र घटले, सोयाबीनने बहुतांश खरीप व्यापला. वसमतची हळद २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचली. ज्वारीबरोबर खळे गेले, खळ्याबरोबर मळणीचे गाणे गेले. मोटेचे गाणे विद्युतपंपाने संपविले, जात्याचे गाणे गिरणीने. या बदलांनी स्त्रीचे व मजुराचे अमाप कष्ट वाचले, हे विसरून चालणार नाही. जाते परत यावे असे ओवी गाणारी कोणतीही स्त्री म्हणणार नाही. लोकसंगीताचा गौरव करताना त्या कष्टांचा गौरव होऊ नये, हे पथ्य पाळावेच लागेल.

४. मंचावर कोण, मंचाखाली कोण?

लोकसंगीताच्या रम्य चित्रणात दुसरी एक गोष्ट झाकली जाते. ती म्हणजे जात. हलगी, गोंधळ, पोतराज, वासुदेव यांपैकी अनेक कला विशिष्ट जातींवर वंशपरंपरेने लादल्या गेलेल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक कुटुंबांनी पोतराजकी आणि गावकीचे वादन जाणीवपूर्वक सोडले. तो निर्णय सांस्कृतिक हानीचा नव्हता, माणूसपणाचा होता. आज 'लुप्त होत चाललेली कला' असे म्हणून त्याच घरांतील तरुणांना जुना वेश देऊन मंचावर उभे करताना आयोजकांनी हा इतिहास लक्षात ठेवावयास हवा.

याउलट, हलगी स्वतःच्या इच्छेने आणि योग्य मानधनावर वाजविणारा कलावंत हा वेगळाच नागरिक असतो. म्हणून मानधन, नामनिर्देश आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क हे प्रश्न या मैफलींच्या समीक्षेत दुय्यम मानता येत नाहीत. बाहेरून आलेल्या वादकाचे नाव निमंत्रणपत्रिकेत ठळक आणि स्थानिक कलावंत मात्र 'व संच' या दोन शब्दांत, हे चित्र अपरिचित नाही. निसर्गातील विषमतेविषयी गाणारा कार्यक्रम स्वतःच्या मंचावर विषमता पोसू लागला, तर त्याच्या आवाहनाला नैतिक बळ राहत नाही. हवामान बदलाचा फटका सर्वांत आधी कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना बसतो. यांपैकी कोणी मंचावर बोलते काय, हा प्रश्न विचारावाच लागेल.

५. आंतरसांस्कृतिकतेचा नामदेवकृत अर्थ

आंतरसांस्कृतिक संगीताचा सर्वांत मोठा दाखला हिंगोली जिल्ह्याच्या स्वतःच्या परंपरेत आहे. नामदेव (१२७० ते १३५०) कीर्तनाची परंपरा घेऊन उत्तरेत गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केल्याची परंपरा आहे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असून आजही गुरुद्वारांतून रागनिर्देशानुसार गायिली जातात. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते याच नात्याची आठवण ठेवून. नर्सीपासून जवळच असलेल्या नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथील शबद कीर्तन आणि नर्सी येथील वारकरी भजन या दोन गायनपद्धती आज एकमेकींच्या शेजारी नांदतात. त्यांच्या मुळाशी एकच कवी आहे.

नामदेवांच्या हिंदी पदांत वाळवंटातील माणसाला पाणी जसे प्रिय, उंटाला वेल जशी प्रिय, हरणाला नाद जसा प्रिय अशा उपमांची मालिका येते. भीमा आणि कयाधू यांच्या काठी वाढलेला कवी मरुभूमीतील तहान आपल्या भक्तीची उपमा म्हणून वापरतो, ही साधी गोष्ट नाही. परक्या प्रदेशातील हवा, पाणी आणि भाषा अंगी मुरल्याशिवाय अशी उपमा सुचत नाही. एका सायंकाळच्या मैफलीसाठी येऊन दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या कलावंतांकडून ही अपेक्षा करता येत नाही. नाईल प्रोजेक्टने सहनिवासावर भर दिला तो याच कारणाने अर्थपूर्ण ठरतो. दोन वाद्ये एका तालात वाजली म्हणजे दोन संस्कृती भेटल्या असे होत नाही. एकाने दुसऱ्याच्या तहानेला शब्द दिला, तर ती भेट होते.

६. गाणे आणि कृती यांचा सांधा

गाण्यातून कृती घडते काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात होकारार्थी आहे. मात्र त्याला अटी आहेत. गाडगेबाबा गावात येत, आधी खराटा हाती घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कृती आधी आणि गाणे नंतर, हा तो क्रम. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी करमणुकीचा साचा घेतला आणि त्यात प्रश्नोत्तरे, विनोद व प्रबोधन भरले. पण त्यांच्या मागे सभा, सत्याग्रह आणि संघटना उभी होती. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीमागे ग्रामसेवेचा कार्यक्रम होता.

शासकीय कलापथकांची परंपरा याहून भिन्न आहे. केंद्र शासनाचा गीत व नाटक विभाग १९५४ मध्ये स्थापन झाल्यापासून पोवाड्याच्या वा भारुडाच्या चालीवर योजनांची माहिती बसविण्याचा प्रघात पडला. चाल लोकांची आणि शब्द परिपत्रकाचे, असे त्याचे स्वरूप राहिले. एकनाथांच्या भारुडातील रूपक श्रोत्याला विचार करावयास लावते. परिपत्रकी भारुड उत्तर आधीच सांगून मोकळे होते. 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात सुरू झाले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' या उपक्रमातून लोककलावंत पालखी मार्गावर कार्यक्रम करू लागले. अशा उपक्रमांनी कलावंतांना काम दिले आणि विषय वारीपर्यंत नेला, ही त्यांची जमेची बाजू होय. तथापि 'प्लास्टिक टाळा, झाडे लावा' या पलीकडे त्यांतील आशय क्वचितच जातो. नदीतून वाळू कोण उपसतो, सांडपाणी कोण सोडतो, धरणाचे पाणी कोणत्या पिकाला जाते, हे प्रश्न त्या भारुडात येत नाहीत.

पानी फाउंडेशनने २०१६ पासून घेतलेली वॉटर कप स्पर्धा या दृष्टीने तुलनेस योग्य आहे. तिची गाणी लोकप्रिय झाली. पण गावे श्रमदानास उतरली ती प्रशिक्षण, मोजमाप आणि ठरलेला कालावधी यांमुळे. गाण्याने त्या कामाला ताल दिला. भलरीचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल. हाती काम असेल तर गाणे त्याचा भार हलका करते. हाती काम नसेल तर तेच गाणे काम केल्याचे समाधान देऊन मोकळे होते. निसर्गविषयक मैफलींचा सर्वांत मोठा धोका या खोट्या समाधानात आहे.

७. हिंगोलीसाठी काही निकष

वरील विवेचनाच्या आधारे हिंगोली जिल्ह्यात अशी मैफल घ्यावयाची झाल्यास काही निकष मांडता येतात. पहिला, मैफलीला एक निश्चित स्थळ आणि प्रश्न असावा. वाशीम जिल्ह्यात उगम पावून हिंगोलीतून पैनगंगेला मिळणारी कयाधू हा तसा विषय होऊ शकतो. नर्सीचा काठ तिचाच आहे. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून सुरू झालेल्या 'चला जाणूया नदीला' या अभियानाने नदीसंवाद यात्रेचा मार्ग दाखविला आहे. मैफल अशा यात्रेच्या शेवटी यावी. दुसरा, नवी गर्दी जमविण्यापेक्षा असलेल्या मेळ्यांशी जोडून घ्यावे. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीस नर्सी येथे भरणारी परतवारी, औंढा येथील महाशिवरात्रीची यात्रा आणि हिंगोलीचा दसरा ही त्यासाठी तयार व्यासपीठे आहेत. वेगळा प्रवास, वेगळा मंडप आणि वेगळी वीज यांची त्यामुळे बचत होईल. तिसरा, तांड्यावरील लेंगी, आंध वस्तीतील गाणी, वारकरी भजन, शबद कीर्तन आणि आंबेडकरी जलसा यांच्या कलावंतांना मैफलीपूर्वी काही दिवस एकत्र राहण्याची व परस्परांचे ऐकण्याची संधी मिळावी. चौथा, मानधन समान आणि नावे पूर्ण असावीत. पाचवा, मैफलीच्या अखेरीस शपथेऐवजी एक हिशेब वाचला जावा. गेल्या वर्षी ठरलेले काय झाले, काय राहिले आणि का राहिले, हे ग्रामसभेच्या भाषेत सांगितले जावे.

या निकषांवर एक आक्षेप संभवतो. कलेला इतक्या कामांना जुंपले तर तिचा आनंद उरेल काय? हा आक्षेप गंभीर आहे. सौंदर्यानुभव हेच मुळात निसर्गभानाचे बीज आहे, हे दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या ग्रंथाच्या वाचकांना सांगावे लागत नाही. परंतु त्या ग्रंथातील आनंद हा बारकाईने पाहण्यातून आलेला आहे. कोणते झाड कोणत्या महिन्यात कसे दिसते याची साक्ष त्यामागे आहे. अचूकता आणि आनंद यांत विरोध नाही. भलरीतही आनंद होताच. विळा हाती असल्याने तो कमी झाला नाही.

समारोप

आंतरसांस्कृतिक लोकसंगीताची मैफल ही निसर्गरक्षणाच्या चळवळीस पूरक ठरू शकते; परंतु केवळ लोकसंगीत आहे एवढ्याने ती निसर्गाच्या बाजूची ठरत नाही. गाण्यातील व्यवहार, ऋतूंची बदललेली स्थिती, कलावंतांचा सामाजिक इतिहास आणि गाण्यानंतरचे काम या चार गोष्टी जागेवर असतील तरच तिच्या आवाहनाला अर्थ प्राप्त होतो. लाइव्ह अर्थपेक्षा क्लिअरवॉटर अधिक टिकाऊ ठरले, ते त्याचे संगीत श्रेष्ठ होते म्हणून नव्हे. ते एका नदीला बांधलेले होते.

औंढा नागनाथच्या मंदिराविषयी एक आख्यायिका या परिसरात सर्वश्रुत आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तेथून उठविण्यात आले, ते मागील बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. आख्यायिकेच्या सत्यासत्यतेत शिरण्याचे कारण नाही. मंडपामागे बसविलेल्या गायकाकडे मंडपाने वळावयाचे असते, एवढा अर्थ तिच्यातून निश्चित घेता येतो. हवामान बदलाच्या काळात पाण्याची, पिकाची आणि ऋतूची खरी खबर त्या मागे बसलेल्या माणसांकडे आहे. मैफलींचे आयोजक, त्यांना सभागृहे देणारी महाविद्यालये आणि त्यांचे वृत्तांत लिहिणारे अभ्यासक यांनी त्या दिशेला वळावे, हीच या विषयाची आजची निकड होय.